नाश्ता ‘इन्क्लुडेड’ म्हणजे कोणाचा, कुठे आणि किती वाजेपर्यंत?

प्रश्न विचारणारे गृहस्थ नाशिकचे. ते, त्यांच्या मिसेस आणि नऊ वर्षांचा मुलगा उत्तर गोव्यात एका हॉटेलात राहिले. बुकिंग ऑनलाइन, ‘ब्रेकफास्ट इन्क्लुडेड’. पहिल्या सकाळी मुलाच्या नाश्त्याचे वेगळे साडेचारशे रुपये अधिक टॅक्स लागले. दुसऱ्या सकाळी म्हापशाची मावसबहीण आणि भाऊजी भेटायला आले, टेबलावर बसून नुसता चहा घेतला, तर दोन पूर्ण बफेचं बिल आलं. निघायच्या दिवशी मिसेसनी मुलाला वाटेत भूक लागेल म्हणून दोन उकडलेली अंडी, एक केळं आणि एक आलू पराठा टिश्यूत गुंडाळला, तेव्हा वेटरने सगळ्यांदेखत ‘नॉट अलाउड, मॅडम’ म्हणून थांबवलं. त्यांचा प्रश्न : पैसे भरलेले असताना ही वागणूक का? चूक आमची की हॉटेलची? आणि आता रिव्ह्यू लिहू का?

मी हॉटेलच्या एफ अँड बी खात्यात, म्हणजे खाण्यापिण्याच्या बाजूला, उमेदीची सगळी वर्षं काढली आहेत. आधी पुणे, मग महाबळेश्वर, मग गोवा. बफेच्या दारात उभं राहून खोली नंबर विचारण्यापासून ते दारात उभ्या राहणाऱ्याने काय बोलायचं हे ठरवण्यापर्यंत सगळी कामं केली. तुमच्या तीन प्रसंगांची तीन वेगळी उत्तरं आहेत. मुलाच्या पैशात हॉटेल बहुधा बरोबर आहे. चहाच्या बिलात साफ चूक आहे. पराठ्याच्या बाबतीत नियम बरोबर, पण ज्या तऱ्हेने तो सांगितला ती तऱ्हा चूक. ‘बहुधा’ म्हणालो, कारण तुमचं बुकिंग व्हाउचर मी पाहिलेलं नाही आणि बरंचसं त्याच्यावर अवलंबून आहे.

पैसे भरलेत यात वाद नाही. कशाचे भरले ते बघू. आमच्याकडे खोली चार प्रकारे विकली जाते. नुसती खोली म्हणजे ईपी. खोली आणि नाश्ता म्हणजे सीपी. नाश्ता आणि एक जेवण म्हणजे मॅप, आणि तिन्ही वेळचं खाणं म्हणजे एपी. तुमचं बुकिंग सीपी होतं. सीपीमध्ये खोलीच्या भाड्यातला एक ठरावीक हिस्सा नाश्त्याच्या खात्यात जातो, आणि तो माणशी मोजलेला असतो. खोलीमागे नाही, माणशी. व्हाउचरवर ‘२ ॲडल्ट्स’ लिहिलं असेल तर दोन माणसांचा नाश्ता, रेस्टॉरंटमध्ये बसून, ठरलेल्या वेळेत, एवढं विकलं गेलं. आपल्याकडच्या थाळीच्या हॉटेलात पाटी असतेच की, ‘एका थाळीत दोघांनी जेवू नये, पार्सल मिळणार नाही’. ती वाचून कोणी भांडत नाही. बफे म्हणजे तीच अनलिमिटेड थाळी, फक्त पाटी लावायला स्टार हॉटेलवाल्यांना लाज वाटते. पाटी नाही म्हणून पाहुण्याला नियम कळत नाही, आणि मग तो टेबलावर, चारचौघांत कळतो. तुमच्या त्रासाचं मूळ मला तिथे दिसतं.

आता मुलाचं. रोज रात्री नाइट ऑडिटचा, म्हणजे दिवसाचा हिशेब मिटवणारा, माणूस दुसऱ्या दिवशीची ब्रेकफास्ट लिस्ट काढतो. सकाळी ती दारातल्या होस्टेसच्या हातात असते. त्यात खोली नंबर, आडनाव, माणसं, प्लॅन आणि शेरा असे रकाने असतात. तुमच्या ओळीत बहुधा ‘२+०, सीपी’ असं असणार, कारण बुकिंग करताना मुलाचं वय भरलंच गेलं नसेल. बुकिंगच्या साइटवर ‘ॲडल्ट्स’च्या खाली ‘चिल्ड्रन’चा रकाना असतो आणि त्यात वय विचारतात. पुष्कळ लोक तो रिकामा ठेवतात. काहींना वाटतं मूल आपल्याच पलंगावर झोपणार, मग मोजायचं कशाला. काहींना माहीत असतं की भरलं की दर वाढतो. दोन्ही बाबतीत परिणाम एकच : सकाळी लिस्टमध्ये मूल नसतं.

मुलांच्या वयाची रेघ कुठे ओढायची हे प्रत्येक हॉटेल स्वतः ठरवतं, त्याचा कायदा नाही. सर्वसाधारण चाल अशी की पाच-सहा वर्षांपर्यंत फुकट, तिथून बारापर्यंत अर्धा किंवा त्याच्या आसपास दर, पुढे पूर्ण. तुमचा मुलगा नऊ वर्षांचा, म्हणजे मधल्या गटात. साडेचारशे हा दर गोव्यात अशा हॉटेलात मुलाच्या नाश्त्याला लावतात, त्यात वावगं नाही. मात्र व्हाउचरवर ‘२ ॲडल्ट्स, १ चाइल्ड’ असं छापलेलं असेल आणि खाली वेगळ्या आकाराचा उल्लेख नसेल, तर ते पैसे परत मागायचा तुम्हाला हक्क आहे. आणि एक : हे चेक-इनच्या वेळी काउंटरवरच सांगायला हवं होतं. मुलगा समोर उभा होता, दिसत होता. ‘सर, मुलाचा नाश्ता वेगळा लागेल, चालेल ना?’ हे एक वाक्य. माझ्या हाताखाली हे वाक्य सक्तीचं होतं, कारण रिसेप्शनवर याला कोणी नाही म्हणत नाही, आणि हातात इडलीची बशी असताना ऐकलं की प्रत्येक जण चिडतो. रक्कम तीच असते.

पुढच्या वेळी काय करायचं? वय भरा, आणि निघायच्या आधी हॉटेलला थेट फोन करा. साइटच्या कॉल सेंटरला नाही, हॉटेलच्या रिझर्व्हेशनला. विचारा की मुलाचा नाश्ता धरलाय का, आणि उत्तर व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर मागा. लिहून दिलेलं पुढे कोणी फिरवत नाही. मुलगा सकाळी फक्त दूध पिऊन एक टोस्ट खातो असं असेल तर बफे घेऊच नका, मेन्यूतनं दूध-टोस्ट मागवा, स्वस्त पडेल. हे आम्ही आपणहून सांगत नाही, पण विचारलंत तर नाही म्हणत नाही.

म्हापशाच्या पाहुण्यांकडे येतो. इथे मला हॉटेलचा राग आला. भेटायला आलेला माणूस टेबलावर बसला म्हणून हॉटेलचा एक रुपया खर्च होत नाही, गर्दी नसेल तर. त्याने बफेची प्लेट उचलली तर पूर्ण पैसे लावा, अगदी एक वडा घेतला तरी, कारण बफेत अर्धंमुर्धं मोजता येत नाही. पण नुसता चहा घेतला असेल तर मेन्यूतल्या चहाचा दर लावायचा, आणि बिल करण्याआधी सांगायचं. कॅप्टनने, म्हणजे वेटरांच्या वरच्याने, काय केलं असेल याचा अंदाज मला आहे. सकाळी साडेनऊला त्याच्या डोक्यात एकच आकडा असतो : लिस्टवर किती माणसं आणि हॉलमध्ये किती. दोन जास्त दिसली, त्याने दोन कव्हर मारले. (‘कव्हर’ म्हणजे आमच्या भाषेत जेवणारं एक माणूस.) चहाचा केओटी, म्हणजे किचनला जाणारी ऑर्डरची चिठ्ठी, फाडायला वेगळ्या स्क्रीनवर जावं लागतं, बफे कव्हर एका बटणात होतो. तेव्हा हा आळसाचा प्रकार आहे, लुबाडणुकीचा नसावा. तरी पैसे परत मिळायलाच हवेत.

तुमच्या बाजूने एवढंच की पाहुणे येणार असतील तर आदल्या दिवशी रिसेप्शनला सांगून ठेवावं. बहुतेक हॉटेलांत भेटायला येणाऱ्यांची नोंद होते, ओळखपत्र बघतात, आणि खोलीत जाऊ द्यायचं असेल तर रात्री ठरावीक वेळेपर्यंतच. याला लोक वैतागतात, ‘आमची सख्खी बहीण आहे, दरोडेखोर आहे का?’ म्हणतात. पण इमारतीत आत्ता कोण कोण आहे हे आग लागली तरी आणि पोलीस आले तरी आम्हालाच सांगावं लागतं. रात्री राहणार असेल तर नोंद आणि एक्स्ट्रा पर्सनचा आकार, दोन्ही आलं. आणि परदेशी पासपोर्ट असलेला भाऊ-पुतण्या तुमच्या खोलीत राहणार असेल तर ते मुळीच लपवू नका. परदेशी नागरिकाची माहिती हॉटेलला २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवावी लागते, आम्ही त्याला अजून सी फॉर्मच म्हणतो. तो चुकला तर मॅनेजरची मान अडकते. ओळखपत्रात पॅन कार्ड देऊ नका, त्यावर पत्ता नसतो म्हणून परत पाठवतात. वाहन परवाना उत्तम.

राहिला पराठा. यावर मी जरा सविस्तर बोलणार आहे, कारण हा प्रश्न मला घरच्या लग्नकार्यातसुद्धा विचारतात.

बफेचा हिशेब कसा चालतो ते आधी सांगतो. समजा हॉटेलात ६० खोल्या भरलेल्या आहेत आणि लिस्टवर १३० माणसं. शेफ १३० जणांचं सगळं करत नाही. सगळे सगळं खात नाहीत हे त्याला ठाऊक असतं. गुजराती-मराठी कुटुंबं जास्त असतील तर पोहे-उपमा वाढवायचा, सॉसेज कमी. कंपनीचा ग्रुप असेल तर अंडी जास्त, आणि सगळे साडेआठला एकदम उतरणार. रशियन पाहुण्यांचा मोसम असेल तर काकडी-टोमॅटो आणि चीज. चतुर्थी असेल तर साबुदाण्याची खिचडी करावीच लागते, नाहीतर निम्मा हॉल तोंड पाडून फळं खातो. हा सगळा अंदाज ‘एक माणूस बसून किती खाईल’ यावर बांधलेला असतो. बसून माणूस कितीही खाऊ दे, अंदाज फारसा चुकत नाही, कारण पोटाला मर्यादा आहे. पिशवीला नाही. दुपारचं जेवण सकाळच्या बफेतनं बांधून न्यायला दहा कुटुंबांनी सुरुवात केली की दहा वाजता येणाऱ्या अकराव्याला रिकामी शेफिंग डिश (अन्न गरम ठेवायचं भांडं) दिसते, आणि शिव्या खातो तो काउंटरवरचा पोरगा.

हे पहिलं कारण, आणि खरं सांगायचं तर मोठं कारण हेच. दुसरं कारण अन्नसुरक्षेचं, जे हॉटेलं पुढे करतात कारण ते ऐकायला बरं वाटतं. त्यात तथ्य आहे, पण सरसकट नाही. शिजवलेलं अन्न ५ अंशांच्या खाली किंवा ६० अंशांच्या वर असेपर्यंत सुरक्षित, मधल्या पट्ट्यात जंतू वाढतात. तुमचं उकडलेलं अंडं काउंटरवर आधीच तासभर पडलेलं, त्यानंतर ते टिश्यूत गुंडाळून गाडीच्या डॅशबोर्डवर, बाहेर मे महिना. सावंतवाडी येईपर्यंत ठीक, कोल्हापूरपर्यंत मी माझ्या नातवाला ते देणार नाही. कापलेली फळं, ओली चटणी, अंड्याचं किंवा चिकनचं सँडविच, क्रीम घातलेलं काहीही, हे सगळं या यादीत येतं. मुलाचं पोट बिघडलं तर डॉक्टर विचारतो ‘काय खाल्लं होतं’, आणि उत्तरात हॉटेलचं नाव येतं. पण केळ्याला हे कारण लागू नाही. केळ्याला निसर्गानेच पॅकिंग केलेलं आहे. केळं किंवा सफरचंद हातात घेऊन जाणाऱ्या लेकुरवाळ्या बाईला अडवणारा मॅनेजर माझ्या मते कामाचा नाही. मी माझ्या हाताखालच्या वेटरांना सांगून ठेवलं होतं : एक फळ, एक मफिन, चालता चालता हातात, दिसलं तरी दिसलं नाही असं करायचं. पिशवी उघडली की मग जवळ जायचं.

आणि जवळ जाऊन काय म्हणायचं? ‘नॉट अलाउड’ नाही. म्हणायचं, ‘मॅडम, प्रवासाला निघताय का? मी किचनमधून ताजं पॅक करून देऊ का? त्याचा चार्ज आहे.’ हळू आवाजात, टेबलाच्या बाजूने वाकून, पाठीमागून नाही. पाचांतले चार पाहुणे स्वतःहून म्हणतात, ‘नको नको, राहू दे,’ आणि पराठा तिथेच ठेवतात. पाचवा पैसे देऊन पॅक करून घेतो. नियम पाळला जातो आणि कोणाची मान खाली जात नाही. तुमच्या मिसेसना जे ऐकावं लागलं ते प्रशिक्षण न दिल्याचं फळ आहे. तो मुलगा बहुधा दोन महिन्यांपूर्वी रुजू झालेला, इंग्रजीची तीनच वाक्यं पाठ. त्याच्यावर डूख धरू नका, त्याच्या वरच्यावर धरा.

ताटात उरलेलं बांधून मागण्याबद्दलही सांगून टाकतो, कारण गफलत इथेच होते. मेन्यूतून मागवलेली डिश पूर्ण तुमची, तिचं उरलेलं हक्काने पॅक करून घ्या, कोणीही नाही म्हणणार नाही. बफेत तुम्ही बसून खाण्याचे पैसे दिलेले असतात, डिशचे नाही. म्हणून दुपारच्या बिर्याणीचं पार्सल मिळतं आणि सकाळच्या इडलीचं मिळत नाही, एकाच हॉटेलात, एकाच टेबलावर.

पहाटे निघायचं असेल तर मात्र सीपीवाल्या पाहुण्याने नाश्ता सोडून द्यायचं कारण नाही. ‘ब्रेकफास्ट बॉक्स’ मागा. सँडविच, फळ, ज्यूसचा टेट्रापॅक, केक किंवा मफिन, असं काहीतरी त्यात असतं, आणि बहुतेक ठिकाणी त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत कारण तुमचा नाश्ता आधीच धरलेला आहे. गोव्यात तर याची गरज वाढली आहे. मोपाचा मनोहर विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला, तो पेडणे तालुक्यात, राज्याच्या उत्तर टोकाला. दक्षिण गोव्यात राहणाऱ्याला सकाळची फ्लाइट असेल तर चार-साडेचारलाच खोली सोडावी लागते. फक्त बॉक्स आदल्या रात्री नऊच्या आत सांगा. पहाटे चारला किचनमध्ये एखादाच माणूस असतो आणि कोल्ड किचनची, म्हणजे थंड पदार्थांच्या विभागाची, चावी त्याच्याकडे असेलच असं नाही. ‘सांगितलं नव्हतं पण आत्ता द्या’ म्हणालात तर दोन ब्रेड-बटर आणि पाण्याची बाटली हातात पडेल, त्यात त्या माणसाचा दोष नाही.

वेळेचंही असंच. नाश्ता साडेसात ते साडेदहा लिहिलं असेल तर साडेदहा ही बंद व्हायची वेळ आहे, यायची नाही. दहानंतर डोसा काउंटरवरचा तवा गार करायला घेतात, भरणं थांबतं. रविवारी साडेनऊ ते दहा ही सगळ्यात वाईट वेळ. गरम आणि निवांत हवं असेल तर आठला या. महाबळेश्वर-माथेरानकडे आणखी एक भानगड असते : तिथे पुष्कळ हॉटेलांचं चेकआउटच सकाळी नऊ-दहाला असतं. लोक बाराचं गृहीत धरून आरामात नाश्त्याला उतरतात आणि इकडे हाउसकीपिंग दार वाजवत असतं. त्या भागात बुकिंग करताना चेकआउटची वेळ आधी वाचा. आणि नाश्ता चुकला तर पैसे परत मिळत नाहीत, कुठेच नाही. पॅकेज म्हणून विकलेलं असतं.

आता आम्ही पाहुण्यांबद्दल आत किचनमध्ये काय कुरकुरतो तेही ऐका. उकडलेलं अंडं नेण्यावरून आम्ही फार बोलत नाही. बोलतो ते चमच्यावरून. सॉसेजचा चिमटा पोह्यात ठेवला की ते पोहे आम्हाला काढावेच लागतात, कारण पुढचं कुटुंब शाकाहारी किंवा जैन असेल. तुम्हाला एक चिमटा, आम्हाला पाच किलो पोहे. दुसरं, फिरत्या पट्ट्याच्या टोस्टरमध्ये लोणी लावलेला पाव किंवा चीज घालणं. लोणी खाली कॉइलवर ठिबकतं, धूर होतो, एकदा तर अलार्म वाजून अख्खा हॉल हिरवळीवर उभा होता. तिसरं, पूलमधून तसंच ओल्या कपड्यांनी खुर्चीवर. हे गोव्यात फार. ऑम्लेटच्या रांगेत स्वतः उभं न राहता प्लेट ठेवून जाणं आणि परत येऊन ‘माझं कुठे गेलं’ म्हणणं हेही आहेच. बाकी मुलांनी सांडलं, मोठ्यांनी चार वेळा घेतलं, याचं कोणाला काही नसतं. चार वेळा घ्या, पण थोडं थोडं घ्या. टाकलेल्या ताटांचा ढीग डिशवॉशिंगला जाताना आम्ही बघतो, आणि त्यात न चावलेला अख्खा मसाला डोसा दिसला की करणाऱ्याला वाईट वाटतं. काही हॉटेलं टाकलेल्या अन्नाचा दंड लावायच्या पाट्या लावतात. माझा अनुभव, त्याने भांडणं वाढतात, टाकणं कमी होत नाही. प्लेटा लहान केल्या की कमी होतं.

घरचं खाणं नेण्याबद्दलही लोक विचारतात. दशम्या, चिवडा, लाडू खोलीत खुशाल खा. रेस्टॉरंटमध्ये डबा उघडू नका, अपवाद तान्ह्या बाळाचा, आणि पथ्याचा असेल तर आधी सांगून. बाळाचं दूध किंवा पेज गरम करून हवी असेल तर पॅन्ट्रीला फोन करा, कोणतंही बरं हॉटेल ते फुकट करून देतं. खोलीतल्या किटलीत दूध तापवू नका, अंडी उकडू नका, मॅगी तर अजिबात नको. दूध तळाला करपतं, वास जात नाही, आणि पुढच्या पाहुण्याच्या चहाला तो येतो.

परदेशात जाणाऱ्यांसाठी थोडंसं. जुलै २०१९ मध्ये उद्योगपती हर्ष गोएंका यांनी स्वित्झर्लंडमधल्या ग्श्टाडच्या एका हॉटेलची सूचना ट्विटरवर टाकली होती, ती खास भारतीय पाहुण्यांना उद्देशून होती : बफेतलं बाहेर नेऊ नका, लंच बॅग हवी असल्यास पैसे देऊन मागवा, कॉरिडॉरमध्ये शांतता ठेवा. बरीच चर्चा झाली. माझं मत असं की त्यातल्या नियमात गैर काही नव्हतं, जगभर तोच नियम आहे. गैर होतं ते एका देशाचं नाव घालणं. हाच कागद ‘सर्व पाहुण्यांसाठी’ म्हणून लावला असता तर कोणी बोललं नसतं. जाणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं की तिथे लंच बॅग ही सरळ विकत मिळणारी गोष्ट आहे, मागायला संकोच नको. आणि युरोपात साध्या हॉटेलात नाश्ता बराचसा थंडच असतो, पाव, चीज, थंड मांसाच्या चकत्या, दही. गरम पोह्यांची अपेक्षा ठेवून खाली उतरू नका.

बिलाकडे परत. तुमच्या बिलावर जीएसटी आहे, तो लागणारच. बहुतेक हॉटेलांच्या रेस्टॉरंटमध्ये ५ टक्के, आणि जिथे खोल्यांचे दर दिवसाला ७५०० रुपयांच्या वर जातात तिथल्या रेस्टॉरंटमध्ये १८ टक्के. पण त्याखाली ‘सर्व्हिस चार्ज’ अशी वेगळी ओळ असेल तर ती नीट बघा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या की सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात घालता येणार नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या. तो काढायला सांगा. काढत नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. बहुतेक वेळा नंबर नुसता उच्चारला तरी ओळ निघते. त्याऐवजी ज्या पोराने चांगलं वाढलं त्याच्या हातात काही ठेवायचं असेल तर ठेवा, तो पहाटे पाचच्या शिफ्टला आलेला असतो.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, रिव्ह्यू लिहू का. लिहा, पण आधी हॉटेलच्या जनरल मॅनेजरला एक ईमेल करा, बिल नंबर आणि तारीख घालून. त्यात पैशांची मागणी एकच ठेवा : पाहुण्यांनी बफे घेतला नव्हता, चहाचा दर लावून फरक परत करा. तो मिळेल. मुलाचे पैसे मागू नका, व्हाउचरवर मूल नसेल तर त्या मागणीने पहिलीही कमजोर होते. पराठ्याबद्दल पैसे नाहीत, हॉटेलने माफी मागावी एवढंच म्हणा, आणि लिहा की हे चेक-इनला सांगितलं असतं तर प्रसंगच आला नसता. असं नेमकं पत्र आलं की ते सकाळच्या मीटिंगमध्ये वाचलं जातं. आठवडाभर उत्तराची वाट बघा. नाही आलं तर हाच मजकूर रिव्ह्यूत टाका, त्या वेटरचं नाव तेवढं गाळून.